टेप म्हणतो बत्तीस

२ सप्टेंबर, सोमवार

घरी आणलं! एकवीस दिवसांनी. अठरा पायऱ्या चढताना तीनदा थांबली, पण कुणाला हात धरू दिला नाही. दार उघडल्यावर बायकोचं पहिलं वाक्य – "खिडकीतली झाडं कुणी मारली?" मीच मारली. पाणी घालायचं सुचलंच नाही. ती ओरडली आणि मला इतकं बरं वाटलं की बाथरूममध्ये नळ सोडून पाच मिनिटं नुसता उभा राहिलो.

डॉक्टर म्हणाले, पोटाचं ऑपरेशन उत्तम झालंय, आता सगळं भुकेवर. "नुसतं झोपवून ठेवू नका. हातपाय हलू देत, मन कशात तरी गुंतू दे. तीन महिन्यांनी या, दोन डिसेंबरला. अंग धरलं असेल तर औषधं बंद. नाहीतर परत दाखल करावं लागेल." शेवटचं वाक्य तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं होतं. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

३ सप्टेंबर

हिचे कपडे आत घेतले. छत्तीसची बत्तीस झालीय. चार इंच! चव्वेचाळीस वर्षं दुकान चालवलं, पण माणूस असं उतरताना एकदाच पाहिलंय – माझा दादा. दर महिन्याला तीच पँट घेऊन यायचा. "जरा आत घे रे." पाच वेळा घेतली. सहाव्या वेळी तो आलाच नाही.

निळं लोकरी जाकीट शेवटी घेतलं. दुकान बंद करताना मशीनवर शेवटचं शिवलेलं ते, हिच्यासाठी. शिलाई आत घेतली पण कापड कापलं नाही. दोन्ही बाजूंना माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जादा कापड, तशीच दुमडून ठेवली. ही म्हणाली, "कापून टाका की, टोचतं." म्हटलं, टोचू दे.

८ सप्टेंबर, रविवार

वजनकाटा आणू का विचारलं तर अंगावरच आली. "दवाखान्यात रोज सकाळी उठवून काट्यावर उभं करायचे. मी काय बटाट्याचं पोतं आहे? मोजायचंच तर टेपनं मोजा. त्या हाताची सवय आहे मला." मग लगेच – "आणि तुम्हीही मोजून घ्यायचं. मी एकटीनंच का?"

ठरलं. दर रविवारी तिची छाती, माझी कंबर. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने पाडले. ही बत्तीस, मी पस्तीस.

९ सप्टेंबर

लेकीनं तिच्या गावाहून फोनवर नावं घातली. वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा वर्ग आहे – सोमवार, बुधवार, शुक्रवार, दहा ते बारा. एक तास व्यायाम, एक तास 'हातानं काहीतरी'. "बाबा, तुम्हीही जायचं." "मला काय धाड भरलीय?" "म्हणूनच," म्हणाली आणि ठेवला फोन. आईवर गेलीय.

११ सप्टेंबर, बुधवार

चौदा जण, चौदा खुर्च्या. शिकवणारी मुलगी असेल अठ्ठावीसची. दर वाक्याला "चला, चला!" मी तिचं नाव चला-चला बाई ठेवलंय.

पहिला व्यायाम – हात न टेकता खुर्चीतून उठायचं. हसलो मी. चौथ्या वेळी हसू गेलं. शेजारी एक रिटायर्ड सुतार. म्हणाला, "खुर्ची मजबूत आहे. गुडघ्यांच्या कारागिराला गाठायला हवं." आमचं जमणार.

ही उठलीच नाही. दोन्ही हात टेकूनसुद्धा अर्ध्यातच बसली. बाई जवळ जाऊन हळूच म्हणाली, "आज उठायचं नाही, आज फक्त पुढे वाकायचं." पोरगी चांगली आहे.

मग सतरंजीवर उताणं पडून पाय वर. तळव्यात पट्टा अडकवून दोन्ही हातांनी ओढायचा. पट्टा आणायला सांगितलं होतं, विसरलो. पण गळ्यात टेप होताच. दुकान बंद होऊन चार वर्षं झाली तरी असतो, नसला तर उघड्या अंगानं फिरल्यासारखं वाटतं. जुना कापडी आहे, हातात मऊ लागतो. प्लॅस्टिकचे ते नवे मला आवडत नाहीत. अडकवला नि ओढला. बाई खूश – "मास्तरांची आयडिया बघा!" सुतार म्हणाला, "उद्या मी रंधा आणतो."

दुसऱ्या तासाला चित्रं. हिनं ब्रश चमच्यासारखा धरला. एक रेघ काढली, वरून खाली. तास संपला. "काय काढलंस?" विचारलं. "रेघ," म्हणाली.

१३ सप्टेंबर

पोटऱ्या! दोघांच्याही! संध्याकाळी एकमेकांच्या पायांना बाम चोळत बसलो. घरभर वास. हिला हसू आवरेना, मग टाके दुखले, मग ते दुखतात म्हणून परत हसू.

२२ सप्टेंबर, रविवार

ही बत्तीस. मी पस्तीस. तसंच.

घरीही टेपचा व्यायाम सुरू केलाय. सकाळी प्रत्येक पायाला वीस वेळा, चांगला ताणून. उतरत्या वयात माझं मलाच कौतुक.

६ ऑक्टोबर, रविवार

ही बत्तीस. मी पावणेपस्तीस! गुण आला म्हणायचा. हिला दाखवायला पोट आत घेऊन आरशासमोर उभा राहिलो. "बास झालं, नवरदेव," म्हणाली.

तिचा आकडा मात्र हलत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

उठली! हात न टेकता! एकदाच, पण सरळ, पूर्ण. सुतारानं शिट्टी वाजवली. परत बसली आणि लगेच पदार्थ करपला असावा तसा चेहरा करून म्हणाली, "त्यात काय एवढं." घरी येईपर्यंत मी चार वेळा तोच विषय काढला, पाचव्या वेळी चपलेकडे बघत "पुरे" म्हणाली.

दुपारी वाटीभर भात खाल्ला. वर माझ्या ताटातला पाव.

१३ ऑक्टोबर, रविवार

ही बत्तीस. मी साडेचौतीस.

२० ऑक्टोबर, रविवार

ही बत्तीस. मी सव्वाचौतीस.

आज कौतुक वाटलं नाही. आठवड्याला पाव इंच – असंच दादाचं सुरू झालं होतं. तोही पहिले दोन महिने सगळ्यांना सांगायचा, "बघा, पोट कमी केलं."

टेपच बिघडला असेल, असंही आलं मनात. पण छे! टेप बिघडला असता तर हिचंही माप उतरलं असतं. तिचं बत्तीसला बत्तीस. म्हणजे टेप खरा. म्हणजे मीच.

पाचावर धारण बसली माझी. लिहून ठेवतो, कारण बोलणार कुणाशी.

२३ ऑक्टोबर

वर्गात मोठं काम काढलंय. हॉलची मागची भिंत ओकीबोकी आहे, तिच्यासाठी एक लांब कापड रंगवायचं. प्रत्येकानं आपल्या घरातली एक खिडकी काढायची. सुतार चौकट करणार. कापड कोण कापणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान वर केली मी जरा.

२५ ऑक्टोबर

चौकट सात फुटांची. दुमडायला दीड दीड इंच धरून सत्त्याऐंशी इंच कापलं. माझ्या टेपनं, एका दमात. कात्री लागली की हात थरथरत नाही अजून. सुतार म्हणाला, "वा मास्तर, लोण्यासारखं!" दोन तास दादाची आठवण झाली नाही.

हिला उजवीकडचं शेवटचं टोक मिळालं. ती आपल्या खिडकीतली झाडं काढणार आहे, मी मारलेली. "निदान इथं तरी जगतील," असं सगळ्यांसमोर!

३ नोव्हेंबर, रविवार

ही बत्तीस. मी चौतीस.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हटलं, छान आहे, जैसे थे. ती म्हणाली, "आता पुरे ते मोजणं. दर रविवारी तुमचा चेहरा बघून माझी भूक जाते." टेप तिनंच माझ्या गळ्यात परत टाकला. तिला वाटतंय माझं तोंड तिच्या आकड्यामुळे पडलं. खरंच आहे. अर्धं.

दोन महिन्यांत एक दोराभर वाढ नाही. दोन डिसेंबरला डॉक्टर काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. आणि तिला परत दाखल केलं, आणि मी दादाच्या वाटेला लागलो – तर तिच्या उशाशी बसणार कोण? मला मरणाची एवढी भीती नाही. चुकीच्या वेळी मरण्याची आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

एकट्यानं मोजलं. पावणेचौतीस.

डॉक्टरांकडे जायला चांगली पँट लागेल म्हणून कपाटातली राखाडी काढली. मीच शिवलेली, पस्तीसची. सव्वा इंच आत घेतली. मशीन चालवताना दादाचा आवाज आला, अगदी शेजारून. शिलाई वाकडी गेली. उसवून परत घातली.

लेकीसाठी एक कागद लिहून ठेवला. आईची औषधं, वेळा. चहात साखर अर्धा चमचा, पण तिला सांगायचं नाही, ती पाव म्हणते. खिडकी उघडी लागते. राग आला की कपाट आवरते, मध्ये बोलायचं नाही. दोन पानं झाली.

१३ नोव्हेंबर

पँट घालून पाहिली. टोचतेय! बटण लागतं पण श्वास घेववत नाही. म्हणजे कंबर उतरली आणि पोट फुगलं. दादाचंही शेवटी पोट फुगलं होतं. वर्गात आपला पायजमाच बरा. नाडीला काही कळत नाही.

कुणाला दाखवायचं नाही आत्ता. आधी तिचा दोन डिसेंबर होऊ दे, मग माझं बघू.

१५ नोव्हेंबर

हिची खिडकी पूर्ण झाली. काय काढलीय! काच जरा तिरकी, पण झाडं – हिरवीगार, चौकटीबाहेर सांडतायत. सप्टेंबरात एक रेघ काढणारी हीच का? सगळे बघायला जमले. ती ब्रश धुवत उभी. अर्धा तास उभीच होती, आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

भांडलो. सत्तरीला पोचलेली दोन माणसं, सगळ्या वर्गासमोर.

कापड चौकटीवर चढवायला घेतलं तर सव्वादोन इंच जास्त! आणि ते सगळं आलं उजव्या टोकाला. हिची झाडं मागे दुमडली गेली, समोर नुसती काच. मी म्हटलं, चौकट लहान झाली. सुतार म्हणाला, कापड मोठं झालं. मी म्हटलं, चव्वेचाळीस वर्षांत माझं कापड मोठं झालं नाही. तो म्हणाला, "मास्तर, माझी पट्टी सागाची आहे. ती पोट आत घेत नाही नि सोडत नाही." लोक हसले. मी म्हटलं, तुझी पट्टी घाल चुलीत, आणि निघून आलो.

बायकोला मागे सोडून निघून आलो! निम्म्या रस्त्यात आठवलं. परत वळलो तर ती सुताराच्या बायकोसारखी त्याच्याशीच हसत बोलत येत होती. मला बघून म्हणाली, "आलात? आम्ही पोचलोच असतो."

२२ नोव्हेंबर

गेलो नाही. ही एकटी गेली. एकटी! खिडकीतून वळणापर्यंत पाहिलं. बाराला परत आली, अठरा पायऱ्या, थांबल्याचा आवाज नाही. आल्या आल्या – "काही खायला आहे का?"

२५ नोव्हेंबर

आजही नाही गेलो. तिनं कपाट आवरलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

ही वर्गातून येताना दोन फुटी लाकडी पट्टी घेऊन आली. "सुतारभाऊंनी दिलीय. म्हणाले, चुलीत घालायच्या आधी मास्तरांना एकदा मोजून घ्यायला सांगा." टेबलावर ठेवून दिली. हातसुद्धा लावला नाही मी. मापाचं मला शिकवणार!

२८ नोव्हेंबर, गुरुवार

लावला हात.

ही अंघोळीला गेली होती. पट्टी खोटी ठरवायची म्हणून टेप तिच्यावर पसरला, शून्याला शून्य. पट्टीवर चोवीस. टेपवर – तेवीस आणि वर एक बारीक रेघ. परत लावला, उलटा लावला. तेवीस आणि एक रेघ. मग वर्गात मिळालेली वाचनालयाची वही आठवली, तिच्या कडेला छापील इंच आहेत. वही काढली. वही पट्टीच्या बाजूनं!

टेप ताणलाय. ताणलाय कुणी? मी! दररोज, वीस वीस वेळा, पायात अडकवून! अडीच महिने मी टेपला व्यायाम दिला आणि त्यानंच मला मोजत बसलो. टेप वाढत गेला आणि मला वाटलं मी घटतोय. चव्वेचाळीस वर्षांचा टेलर! दुकानातल्या पोराला कानाला धरून सांगायचो, टेप ओढायचा नाही, टेप लावायचा.

सुतळी घेतली, कंबरेला लावली, गाठ मारली, पट्टीवर पसरली. पस्तीस.

पस्तीस!! एक दोरा कमी नाही, एक दोरा जास्त नाही. पँट टोचणारच, तिला मीच सव्वा इंच चिमटा काढलाय. जीव भांड्यात पडला. पडला आणि मी तिथंच जमिनीवर बसून रडलो. टॉवेल गुंडाळलेली ही बाहेर आली. "काय झालं? पडलात?" म्हटलं, "नाही. चुकलो." "मग रडताय कशाला?" "चुकलो म्हणून. आनंदानं." तिनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मग सगळं सांगितलं, दादाची पँट, पावणेचौतीस, सगळं. ऐकून घेतलं तिनं. मग इतकी चिडली की कपाटच उघडून बसली. मग म्हणाली, "एकट्यानं घाबरायचं आणि मला सांगायचं नाही, हे कुठल्या मापात बसतं?" लेकीसाठीचा कागद फाडून टाकला. साखरेची ओळ तिनं आधी वाचली, ते वेगळंच प्रकरण झालं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्वांसमोर सुताराला पट्टी परत दिली. म्हटलं, "तू खरा, मी खोटा. आणि मी खोटा निघाल्याचा जेवढा आनंद मला झालाय तेवढा तुला खरा निघाल्याचा झाला नसेल." त्याला काही कळलं नाही. म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, ऐकलं होतं. वाकडं अंगण खांद्यावर घेऊन नाचणारा आज पाहिला." मिठी मारली त्याला. भुशाचा वास येतो अजून.

त्यानं चौकटीला उजवीकडून जोड दिला. अर्ध्या तासात! कापड चढलं, हिची झाडं समोर आली. भिंत आता भिंत वाटत नाही. चला-चला बाईनं मला हिरवा रबरी पट्टा दिला, "मास्तर, तेवढा टेप सोडा." जुना टेप घडी करून शिवणाच्या डब्यात ठेवला. दुसरा आणला. प्लॅस्टिकचा.

१ डिसेंबर, रविवार

उद्या.

आपलं माणूस सुखरूप म्हणून तीन दिवस नाचलो, ते माणूस मी. तिच्या आकड्याचं काय? टेप ताणलेला असेल तर तिचं बत्तीस हे बत्तीस नाही, जास्त असणार, एवढं मलाही कळतं. पण कुठल्या रविवारी तो किती ताणला होता कोण सांगणार? आणि महिनाभर तर मोजलंच नाही. आकडेमोड करायला बसलो, दोनदा पेन ठेवलं. चुकीची आशा लावून घेण्यापेक्षा नकोच.

नवा टेप घेऊन गेलो तिच्यापुढे. "नाही," म्हणाली. "उद्या डॉक्टर सांगतील. आजचा दिवस मला आकड्याशिवाय द्या." दिला.

राखाडी पँट तेवढी उसवून पूर्ववत केली.

२ डिसेंबर, सोमवार

सकाळी नऊ. बाहेर गारठा आहे. हिनं कपाटातलं निळं जाकीट काढलं, सप्टेंबरपासून घातलेलं नाही. आरशासमोर दोन्ही हातांनी पुढून ओढतेय, बटण काजापर्यंत पोचत नाही. "काय केलंत हे! इतकं आत घेतात का? कसं घालून जाऊ आता?" माझ्यावर ओरडतेय.

टेप गळ्यात आहे. लावला नाही. कात्री घेऊन आलो आणि तिच्या अंगावरच बाजूची शिलाई उसवायला घेतली.